शेवटच्या कडव्यातलं नाव

बायकोला सांगितलेलं नाही. भावाला तर नाहीच नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मनातल्या मनात इथवर येतो, आणि मग – पायाला मुंग्या आल्या म्हणून उठतो. म्हणजे स्वतःलासुद्धा अर्धवटच सांगितलंय. तुम्ही ओळखीचे नाही हे एक बरं आहे. ओळखीचा माणूस मध्येच म्हणेल, "जाऊ दे रे मिलिंद, इतकं काय त्यात!" आणि मी तेवढ्यावरच सुटल्यासारखं करीन.

गोष्ट कॉम्प्युटरमधल्या एका फाइलीपासून सुरू होते. त्यामुळे आधी थोडा कंटाळा सोसावा लागेल. मी तर वर्षभर सोसला.

दोन हजार पाचच्या सुमाराला मला विकीचं वेड लागलं. सगळ्या जगाची असते ती नव्हे – आपली स्वतःची, घरगुती. एकच फाइल, आत हवी तितकी पानं. ब्राउझरमध्ये उघडायची, तिच्यातच लिहायचं, तिच्यातच साठवायचं आणि पेनड्राइव्हवर टाकून खिशात घेऊन फिरायचं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या रॅकवर, हे मी त्या विकीत घालून दाखवलं आणि साहेब "गुड" म्हणाले. झालं! त्या एका 'गुड'नं माझं डोकं फिरलं. घरी आलो तो जगातली प्रत्येक गोष्ट विकीत घालायचीच, असं ठरवून.

तिच्यात मॅक्रो म्हणून एक प्रकार असतो. दोन टोकदार कंसांत एक शब्द लिहायचा, की त्या जागी तुम्ही आधी शिकवून ठेवलेला मजकूर येऊन बसतो. शब्दापुढे आणखी माहिती द्यायची – कोणाचं, कुठलं – तिला पॅरामीटर म्हणायचं. नाही दिली, तर तुम्ही आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर विकी गृहीत धरते. आणि फिल्टर म्हणजे चाळणी. सगळ्या पानांतून अमुक शिक्का असलेली काढ, तमुक नसलेली काढ. ऐकायला किती सोपं, नाही? करायला बसलं की घाम फुटतो. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. एक बंद करायचा राहिला की अख्ख्या पानावर लाल पट्टी. नावात मोकळी जागा असली की कंस दुहेरी हवेत – हे कुठं लिहिलेलं नाही, दोन रविवार वाया गेल्यावर कळतं. पहिला पॅरामीटर गाळला की दुसरा सरळ त्याच्या खुर्चीत येऊन बसतो, लाज ना शरम. मी खुर्चीवरून ओरडायचो. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, कोणाशी भांडताय? काय सांगणार? कंसाशी भांडतोय म्हणून?

पण वैतागलो तरी सोडत नव्हतो. माकडाच्या हाती कोलीत मिळालं की ते घर जाळेपर्यंत सोडत नाही.

घर म्हणजे – आमचे अण्णा. माझे वडील. दामोदर त्यांचं नाव, पण उल्हासनगरच्या कॅम्पांपासून पार वांगणीपर्यंत लोक त्यांना शाहीर दामू म्हणून ओळखायचे. कारखान्यात फिटर. संध्याकाळी आंघोळ करून पांढरा सदरा घातला की शाहीर. 'दामू आणि पार्टी' असा फलक होता. जयंती असो, नामकरण असो, कोणाचं लग्न असो, भीमगीतांना आमचीच पार्टी. अण्णा पुढे हार्मोनिअमवर, आणि मागे कोरसात टाळ्या धरायला त्यांची धाकटी बहीण, शकूआत्या. आत्या बदलापूरला मांजर्लीत राहायची, एकटी. नवरा लवकर गेला, मूल नाही. कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यात शिलाई झाल्यावर लोंबणारे धागे कापायचं काम तिनं वर्षानुवर्षं केलं. धागे कापता कापता ती गाणी जुळवायची. घरी आल्यावर वहीत उतरवायची. चौथी शिकलेली, अक्षर टपोरं.

आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, तुम्हाला माहीत असेल. अमुक म्हणे, तमुक सांगे. अण्णांच्या गाण्यात 'दामू म्हणे' आणि आत्याच्या गाण्यात 'शकू म्हणे'. आणि इथे एक गोष्ट मला सांगायलाच हवी, मग माझी लाज किती जायची ती जाऊ दे. सगळं गाणारे अण्णा असूनसुद्धा अण्णांनी तिचं नाव कधी गाळलं नाही. कित्येक पार्ट्यांत दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घुसवून मोकळे होतात. अण्णा माइकवर मुद्दाम थांबायचे. म्हणायचे, "आता म्हणतो ते गाणं माझं नाय हां. आमच्या शकूचं हाय. ती बघा, मागं लाजतीय." लोक हसायचे. आत्या पदर तोंडाला लावायची. मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला असायचो. मी हे ऐकलंय, कानांनी ऐकलंय. एकदा नव्हे.

अण्णा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो तो उठून बोलत होता, आणि अण्णांचा एक जुना ढोलकीवाला उभा राहून म्हणाला, "दामू गायचा झक्कास, पण खरं लिहायची ती शकूच." त्यानं प्रेमानंच म्हटलं असेल. मला ते झोंबलं. माझ्या बापाच्या फोटोला अजून ताजा हार आहे, आणि हे असं? मी त्या म्हाताऱ्याला जेवणाच्या पंगतीत पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हाच आत कुठेतरी काहीतरी वाकडं झालं असणार. पण हे निमित्त म्हणून सांगत नाही. कुठून सुरू झालं तेवढंच सांगतोय.

मग पाच सालचा तो जुलैचा पूर आला. मांजर्लीत उल्हास नदी घरात शिरली. आत्या शेजाऱ्यांच्या माळ्यावर जाऊन वाचली, पण खाली ट्रंकेत ठेवलेल्या वह्या – लगदा. सगळ्या. पाणी ओसरल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ आनंद तिच्याकडे चिखल काढायला गेलो तेव्हा तिनं तो लगदा उन्हात पसरून ठेवला होता. एकही अक्षर लागत नव्हतं. ती म्हणाली, "असू दे. तोंडात हायेत की सगळी."

आणि मला काय सुचावं? मी म्हणालो, "आत्या, मी तुझी आणि अण्णांची सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये घालतो. कॉम्प्युटर पुरात बुडत नाही." केवढा मी हुशार! ती इतकी हरखली की माझ्या डोक्यावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली.

तर मी प्रत्येक गाण्याचं एक पान केलं. अण्णांची गाणी त्यांच्या वहीतून उतरवली. आत्या रविवारी दुपारी अंबरनाथला यायची, माझ्या शेजारी स्टुलावर बसून म्हणायची, आणि मी टाइप करायचो. ती म्हणायची एका दमात – गाणं मधे थांबवलं की तिला पुढची ओळ सापडायची नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आणि मी मराठी टाइप करणारा नवशिक्या. रफार कुठे, वेलांटी कुठे. दोघंही वैतागायचो. ती हसून वैतागायची, मी नुसताच.

आता शेवटच्या कडव्यातलं नाव. सरळ 'शकू' असं टाइप करायचं की नाही? दोन अक्षरं! पण नाही, मला मॅक्रो येत होता ना. मी ठरवलं की नाव हाताने लिहायचंच नाही. नावाच्या जागी मॅक्रो टाकायचा आणि कवी कोण ते पॅरामीटरमध्ये द्यायचं. उद्या कोणी म्हणालं 'दामू' नको, 'शाहीर दामू' पाहिजे, की एका जागी बदललं की सगळीकडे बदलेल! किती सोय! आणि पॅरामीटर दिलाच नाही तर? गृहीत उत्तर मी ठेवलं – दामू. कारण मी सुरुवात अण्णांच्या वहीपासून केली होती, आणि प्रत्येक वेळी तेच ते कोण लिहीत बसणार?

फिल्टरही तसाच आळशी. पुस्तक काढायचं तर दोन भाग हवेत, एक अण्णांचा, एक आत्याचा. मी चाळणी लावली: ज्या पानावर 'शकू' असा शिक्का आहे ती पानं आत्याची, ज्यावर नाही ती – उरलेली सगळी – अण्णांची. उरलेली सगळी! शिक्का मारायचा राहून गेला तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. का येईल? मी स्टोअरवाला ना? रॅकवर लेबल नसलेला माल मी कारखान्यात कधी कोणाच्या नावावर चढवला नसता.

आणि राहून गेला. आत्या एका दमात म्हणत होती, मी धावत टाइप करत होतो. शिक्का नंतर मारू, पॅरामीटर नंतर भरू. पहिल्या रविवारची काही गाणी नीट भरली. पुढच्या कित्येक रविवारांची – नुसता मोकळा मॅक्रो. पडद्यावर तिच्या कडव्यात 'दामू म्हणे' उमटत होतं, आणि ती शेजारी बसून चष्मा नसल्यामुळे माझ्या तोंडाकडे बघत होती.

इथवरची चूक चूकच होती, हे मी शपथेवर सांगू शकतो. पुढची नव्हती.

आनंदला धीर नाही. तो जयंतीच्या कमिटीत आहे. त्यानं परस्पर जाहीर करून टाकलं की येत्या जयंतीला शाहीर दामू यांचा गीतसंग्रह प्रकाशित होणार. पत्रिका छापल्या, पाहुणे ठरवले. दोघांचा म्हणालास का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अरे, त्यात आत्याचा भाग असेलच ना, पण फलकावर एकच नाव बसतं." चला. विकीतून दोन्ही भागांची पानं छापून मी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पातल्या एका प्रेसमध्ये नेऊन दिली. त्यांच्याकडे माझा फॉन्ट चालेना, म्हणून त्यांच्या माणसानं सगळं पुन्हा टाइप केलं. म्हणजे बघा – मध्ये आणखी एक माणूस होता, आणखी एक कागद होता. चूक पकडायला वाव किती होता!

आणि मी ती पकडली.

प्रुफं बघायला प्रेसमध्ये बसलो होतो. समोर मशिनचा खडखडाट, शाईचा वास, हातात चहाचा ग्लास. अण्णांच्या भागात पान उलटलं आणि समोर हे:

सुईच्या मागं दोरा चाले, भीमाच्या मागं मी,
फाटकं होतं जिणं माझं, टीप मारली त्यांनी.

आणि खाली शेवटच्या कडव्यात, 'दामू म्हणे'.

अण्णांनी जन्मात शर्टाचं बटण लावलं नव्हतं. सुई कुठल्या बाजूनं ओवतात हे त्यांना ठाऊक नसेल. हे गाणं आत्याचं, कोणीही सांगेल आत्याचं. मी भराभर पुढची पानं उलटली. पाळणा – आत्याचा. कापडाच्या ढिगाऱ्यात बसून जयंतीची सुट्टी मागणाऱ्या बाईचं गाणं – आत्याचं. एकामागून एक. सगळीकडे दामू म्हणे, दामू म्हणे. दोन अक्षरी नाव दोन अक्षरी नावाच्या जागी इतकं बेमालूम बसलं होतं की चालीतसुद्धा कुठे अडत नव्हतं.

प्रेसचा मालक सिंधी, गोड माणूस. त्यानं विचारलं, "साईं, कुछ मिस्टेक है तो अभी बोलो, प्लेट बनने के बाद मेरे हाथ में कुछ नहीं." मी म्हणालो, कल बताता हूँ.

घरी येऊन विकी उघडली. खरंच सांगतो, दुरुस्त करायलाच उघडली. राहिलेले शिक्के मारले, पॅरामीटर भरले. त्या दिवशी एकही कंस चुकला नाही, एकही लाल पट्टी नाही – एरवी जिवाला घोर लावणारी ती विकी त्या दिवशी गुणी मुलीसारखी वागली. फिल्टर चालवला. आत्याचा भाग पडद्यावर खाली खाली लांबत गेला. आणि अण्णांचा?

अण्णांचा भाग एवढासा. स्वागतगीतं, निवडणुकीतली दोन, आनंदच्या लग्नातलं एक. बरीच म्हणायला हरकत नाही अशी, पण – तुम्हाला काय सांगू – साधीच. जी गाणी लोक अण्णांकडून पुन्हा पुन्हा मागून घ्यायचे, जी ऐकून बायका डोळे पुसायच्या, ती सगळी पलीकडच्या भागात गेली होती. तो ढोलकीवाला म्हातारा खरं बोलला होता. मला ते लहानपणापासून माहीत होतं का? अण्णा माइकवरून ओरडून सांगत होते, म्हणजे माहीत असणारच. पण माहीत असणं वेगळं, आणि असं शेजारी शेजारी मांडलेलं बघणं वेगळं. मी शाहिराचा मुलगा म्हणून वाढलो. शाळेत, चाळीत, कारखान्यातसुद्धा – 'दामूशाहिराचा मिलिंद'. आता मी कोणाचा मिलिंद?

मग पॅरामीटर काढून टाकले. एकेक करून, हाताने. शिक्केही काढले. नीट ऐका – मॅक्रोनं नाही, फिल्टरनं नाही, मी. पहिल्या रविवारची चार-पाच गाणी तेवढी आत्याच्या भागात राहू दिली, कारण भाग पूर्ण रिकामा दिसला असता तर कोणीतरी विचारलं असतं. इतका पोचलेला विचार मला त्या घडीला सुचला. एरवी मला भाजी आणायला सांगितली तर कोथिंबीर विसरतो.

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये जाऊन प्रुफावर सही केली. मालक म्हणाला, "सब बराबर?" मी म्हणालो, सब बराबर.

प्रकाशन थाटात झालं. निळ्या मंडपात, पाहुण्यांच्या हस्ते. आत्याला पांढरी साडी नेसवून स्टेजवर बसवलं होतं, शाल दिली, पुस्तक दिलं. आनंदनं माइकवर त्या सुईच्या गाण्याच्या ओळी म्हणून दाखवल्या आणि सांगितलं, बघा, एक फिटर माणूस बाईचं दुःख किती आतून जाणत होता! टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. अख्ख्या मंडपात एकालाही प्रश्न पडू नये? ज्या लोकांनी वर्षानुवर्षं अण्णांच्या तोंडून 'आमच्या शकूचं' ऐकलं, ते सगळे कुठे गेले होते? चिडलो मी त्यांच्यावर. खरंच चिडलो. माझी चोरी त्यांनी पकडायला हवी होती, असं मला वाटत होतं! आत्या त्या गोंगाटात नुसती हात जोडून हसत होती. तिला वाटलं आपलं गाणं म्हणतायत, आणि ते तर खरंच होतं.

तिनं पुस्तक घरी जाऊन वाचलं. सावकाश, नवा चष्मा लावून, बोट ठेवून. महिनाभरानं मी मांजर्लीला गेलो तेव्हा तिनं चहा ठेवला, पुस्तक आणलं, माझ्यासमोर धरलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती संकोचली होती – जशी काही चूक तिचीच झाली होती.

म्हणाली, "मिलिंदा, यात माझ्या गाण्यात दादाचं नाव कसं रे आलं?"

आणि मी म्हणालो, "कॉम्प्युटरची चूक झाली, आत्या."

वर मी तिला समजावलं. मॅक्रो, पॅरामीटर, फिल्टर – सगळं. कधी नव्हे इतकं नीट समजावलं. एक शब्द खोटा नव्हता त्यात, आणि सगळं खोटं होतं. ती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, "जाऊ दे बाबा. मशीनला काय माहीत, कोण दामू आन् कोण शकू." पुढे म्हणे ती शेजारणींनाही हेच सांगायची, मशीनच्या बाजूनं बोलायची. माझ्या पोरानं एवढी मेहनत घेतली, मशीननं घोळ घातला.

मी निघताना तिनं आतून एक बॉलपेन आणलं. म्हणाली, "बाकीच्यांचं राहू दे. माझ्या ह्या पुस्तकात तरी तुझ्या हातानं शकू लिहून दे. माझं अक्षर आता थरथरतं."

फक्त तिच्या एका पुस्तकात. जगात कोणाला दिसलंही नसतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "पेनानं खाडाखोड घाण दिसेल गं. पुढच्या आवृत्तीत नीट करू."

का म्हणालो? मला आजही सांगता येत नाही. पेन हातात घेतलं असतं तर प्रत्येक पानावर मला माझ्याच हातानं खोडावं लागलं असतं, आणि ती शेजारी बसून बघत राहिली असती – इतकंच कारण असेल. किंवा मी मुळातच भित्रा आहे. तिनं पेन टोपण लावून परत ठेवलं. म्हणाली, "बरं." पुढची आवृत्ती निघणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. पहिल्या आवृत्तीचेच गठ्ठे आनंदच्या पलंगाखाली पडून होते.

विकीत दुरुस्ती करायला किती वेळ लागला असता? एक दुपार. इतकी वर्षं झाली, ती दुपार मला सापडली नाही. कारखान्याचे नवे रॅक भरले, विकीचं नवं रूप आलं तेव्हा जुने मॅक्रो त्यात चालेनात म्हणून पुन्हा सगळे लिहून काढले, शिव्या देत देत – तेव्हासुद्धा दामू तसाच गृहीत ठेवला. दर वेळी तो शब्द दिसायचा. दर वेळी पुढे जायचो.

आता आत्या विसरायला लागली आहे. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. मला अजून ओळखते, कधी कधी आनंद म्हणते. गाणी मात्र तोंडात राहतील असं मला वाटत होतं. वह्या गेल्या तेव्हा तीच म्हणाली होती. पण तीही चाललीयत. एक ओळ म्हणते आणि थांबते, पहिल्यापासून सुरू करते, पुन्हा त्याच जागी थांबते. म्हणून तिच्या शेजारणीनं तिला ते पुस्तक काढून दिलं. आता ती रोज सकाळी ओट्यावर बसून त्यातून वाचते. बोट ठेवून.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा ती सुईचं गाणं वाचत होती. चाल अजून गळ्यात आहे, शब्द पुस्तकातून घेत होती. शेवटच्या कडव्यापाशी आली, बोट पुढे सरकवलं आणि स्वच्छ आवाजात म्हटलं – दामू म्हणे. कुठे अडखळली नाही. गाणं संपवलं, पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली.

"दादा किती गोड लिहायचा रे," ती म्हणाली. "मला नाय कधी जमलं असलं."

मी तिच्या शेजारी बसलो होतो. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "हो, आत्या."